निवेदन घ्यायला कोण येणार?

'गॅदरिंग' म्हटलं की नाच, नाटिका, फिशपाँड आणि शेवटी मसालेभाताचं जेवण, एवढंच आपल्या डोळ्यांपुढे येतं. अलीकडे महाविद्यालयांत त्याच्या जोडीला आणखी एक वार्षिक सोहळा रुजला आहे: सामाजिक न्याय आणि नागरिक सहभाग या विषयावरचं संमेलन. नागपुरात त्याला मुहूर्त शोधावा लागत नाही. 26 नोव्हेंबरला संविधान दिन, 6 डिसेंबरला महापरिनिर्वाण दिन, 3 जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती. मधल्या काळात हिवाळी अधिवेशन, म्हणजे शहरभर मोर्चे. आणि संमेलनाची पत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवर फिरली की न चुकता भांडणही सुरू होतं. अमुक वक्त्याला का बोलावलं? तमुकला का नाही? एक बाजू म्हणते, महाविद्यालय शिकायची जागा आहे, इथे राजकारण कशाला. बंद करा हे. दुसरी म्हणते, बंद करा म्हणणारे सामाजिक न्यायाच्याच मुळावर उठलेत. उलट दोन दिवसांचं करा. मग प्राचार्य तिसराच वक्ता शोधतात. तो कुणालाही न दुखावता पाऊण तास बोलतो, शाल-श्रीफळ घेतो आणि जातो. वाद मिटतो. संमेलनही तिथेच मिटतं.

दोन्ही बाजू चुकीच्या जागी भांडताहेत. संमेलन व्हायलाच हवं आणि दरवर्षी व्हायला हवं. पण त्याचं मोल वक्त्यावर ठरत नाही. ज्याला उत्तर देणं भाग आहे असा माणूस व्यासपीठावर बसलाय का, त्याच्यासमोर आकड्यांसह कागद वाचला जातो का, आणि त्याने दिलेला शब्द वर्षभराने कुणी तपासतं का, यावर ते ठरतं. शिवाय तो कागद आधी महाविद्यालयाच्या स्वतःच्या कारभाराचा असला पाहिजे. ज्या इमारतीत न्यायावर भाषण चाललंय तिचाच हिशेब मागता येत नसेल, तर बाहेरच्या व्यवस्थेकडे तो मागायचा सराव होणार कुठे?

सध्याचं एक संमेलन घड्याळ लावून पाहा. पत्रिकेत उद्घाटन साडेदहाला. प्रमुख पाहुणे सव्वाअकराला पोहोचतात. दीपप्रज्वलन, प्रतिमेला हार, स्वागतगीत, स्वागत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय. मंचावर नऊ जण, म्हणजे नऊ पुष्पगुच्छ आणि दर पुष्पगुच्छाला कॅमेऱ्याकडे बघून थांबणं आलंच. बीजभाषण होतं, अध्यक्षीय भाषण होतं, आणि दोन वाजता भुकेजलेल्या सभागृहाला सांगण्यात येतं की वेळेअभावी प्रश्नोत्तरं दहा मिनिटांत आटोपू. पहिला विद्यार्थी उठतो आणि प्रश्नाऐवजी छोटंसं भाषणच करतो, कारण वर्षभर त्याने भाषणंच ऐकलेली असतात. राष्ट्रीय सेवा योजनेची पोरं खुर्च्या लावतात, पाण्याच्या बाटल्या वाटतात. नागरिक सहभागाच्या संमेलनात त्यांचा सहभाग तेवढाच. पुढच्या दोन रांगा भरलेल्या दिसाव्या लागतात, कारण फोटो जिओटॅग करून नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या, अहवालात जायचे असतात. तिथे ते निकष तीनमध्ये विस्तारकार्य म्हणून आणि निकष सातमध्ये संविधानिक मूल्यांची जाणीव म्हणून, असे दोनदा कामी येतात. सूत्रसंचालन करणाऱ्या मॅडम बहुतेकदा तासिका तत्त्वावर असतात. त्यांचं मानधन महिनोन्महिने रखडतं हे मंचावरच्या प्रत्येकाला ठाऊक असतं, पण दिवसभर माइक हातात असून तो विषय काढायची सोय नसते. सकाळी सात वाजता सभागृह झाडून गेलेल्या कंत्राटी कामगार बाईला किमान वेतन मिळतं का, तिच्या पगारातून कापलेला भविष्यनिर्वाह निधी खात्यात भरला जातो का, हेही त्या दिवशी कुणी विचारत नाही. विषय मात्र सामाजिक न्याय.

आता बंद करा म्हणणाऱ्यांचं म्हणणं. त्यांची भीती हवेतली नाही. 1989 मध्ये मुंबईत महाविद्यालयीन निवडणुकीच्या वादातून एका विद्यार्थ्याचा खून झाला. पुढे 1994 च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका काढून टाकल्या आणि गुणवत्तेवर नेमणुका सुरू झाल्या. 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने त्या कागदावर परत आणल्या, 2019 मध्ये विधानसभा निवडणुकीपायी त्या लांबणीवर पडल्या, आणि मग कोविड आला. म्हणजे वर्गप्रतिनिधीलासुद्धा मत न देता पदवी घेऊन बाहेर पडलेल्यांची एक अख्खी पिढी आता चाळिशी ओलांडून पुढे गेली आहे. पण एवढं करून राजकारण आवाराबाहेर गेलं का? महाविद्यालयाच्या फाटकावर नेत्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स लागतातच, संघटनांच्या शाखा असतातच, प्रवेशासाठी फोन येतातच. गेली ती फक्त मतपेटी, आणि तिच्याबरोबर निवडून आलेल्याला जाब विचारायची सवय. संमेलन बंद करणं म्हणजे त्याच औषधाचा दुसरा डोस.

त्यांचा दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो: वेळ. एका सत्रात अध्यापनाचे 90 दिवस धरलेले असतात आणि सण, परीक्षा, निवडणुकीच्या ड्युट्या यांत ते आधीच कुरतडले जातात. कामठी, कळमेश्वर, उमरेड, बुटीबोरीहून एसटीचा पास काढून येणारी मुलं; संध्याकाळी पेट्रोल पंपावर किंवा जेवणाची पार्सलं पोचवायला जाणारी मुलं. त्यांच्यावर दोन दिवसांचं सक्तीचं संमेलन लादायचं आणि हजेरीच्या धाकाने पाच वाजेपर्यंत बसवून ठेवायचं, हा न्यायाच्या नावाखाली केलेला अन्यायच आहे. म्हणून 'दोन दिवसांचं करा' ही मागणीही मला मान्य नाही. चार तास पुरेत. तयारीला वेगळा वेळ काढायचीही गरज नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या अभ्यासक्रमात सामुदायिक सहभाग किंवा क्षेत्र प्रकल्पाला 2 श्रेयांक आहेत. प्रात्यक्षिकाच्या हिशेबाने ते 60 तास होतात. आज त्यातल्या बऱ्याच तासांचं काय होतं, हे झेरॉक्सच्या दुकानात स्पायरल बाइंडिंगला आलेले एकसारखे अहवाल सांगतात. ते तास इथे लावा.

तिसरा आक्षेप उलट्या बाजूने येतो, चळवळीतल्या लोकांकडून. ते म्हणतात, परिषदांनी कधी काही बदललंय का? न्याय रस्त्यावर मिळतो. सभागृहात फक्त त्याची धार बोथट होते. यात तथ्य आहे. पण परिषद आणि रस्ता यांच्यात त्यांनी उभी केलेली भिंत इतिहासात सापडत नाही. महाडला 19 आणि 20 मार्च 1927 ला जे भरलं ते कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद या नावाने. मंडप, अध्यक्ष, ठराव, सगळं परिषदेसारखंच. प्रतिनिधींच्या पिण्यासाठी चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं होतं, आणि चवदार तळं गावात भरलेलं होतं. कायद्याने ते त्यांच्यासाठी खुलंच होतं: सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने 4 ऑगस्ट 1923 ला मंजूर केला होता (योगायोगाने नागपूर विद्यापीठाची स्थापनाही त्याच दिवशीची) आणि महाड नगरपालिकेनेही पुढच्या वर्षी तसा ठराव केला होता. कागद तयार होते, अंमल नव्हता. दुसऱ्या दिवशी परिषद उठली आणि तळ्याकडे चालू लागली. तिथे त्या दिवशी कुणी नवीन हक्क मागितला नाही. आधीच मंजूर झालेला ठराव हातात घेऊन लोक तो वापरायला गेले. त्यानंतरचा कोर्टातला झगडा मुंबई उच्च न्यायालयाच्या 17 मार्च 1937 च्या निकालापर्यंत, म्हणजे दहा वर्षं चालला. चाळीस रुपयांचा खर्च कुणीतरी लिहून ठेवला म्हणून आज आपल्याला माहीत आहे. आपल्या संमेलनांच्या खर्चाच्या वह्यांत पन्नास वर्षांनी काय सापडेल? स्मृतिचिन्हं, नग 14.

नागपूरलाच 1942 च्या जुलैत, 18 ते 20 तारखांना, अखिल भारतीय दलित वर्गाची परिषद भरली आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा पाया घातला गेला. 20 जुलैला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली महिलांची स्वतंत्र परिषद झाली. तिचे ठराव आजच्या कुठल्याही संमेलनाच्या 'शिफारशीं'शेजारी ठेवून वाचावेत. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी, गिरण्या, बिडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वेत राबणाऱ्या बायकांना वर्षाला 21 दिवसांची किरकोळ रजा, मुलींसाठी सरकारी खर्चाने वसतिगृहं. कुठेही 'जनजागृती व्हावी' असं नाही. कुणी द्यायचं, कुणाला द्यायचं, किती द्यायचं, सगळं मोजून मागितलेलं. यातल्या बऱ्याच बायका अक्षरओळख नसलेल्या होत्या. आपल्याकडे द्विपदवीधर लोक 'समाजात सकारात्मक बदल घडवण्याची गरज' असा ठराव लिहितात, आणि टाळ्या वाजतात.

पण हा मुद्दा खरा कळतो तो 1994 च्या दोन तारखांमधून, ज्यांच्यात अवघं नऊ दिवसांचं अंतर आहे.

पहिली 23 नोव्हेंबर, नागपूर. अधिवेशन चालू होतं. अनुसूचित जमातीच्या सवलतींसाठी गोवारी समाजाचा मोर्चा बायका-पोरांसह विधानभवनाकडे निघाला आणि अडवला गेला. कुणी मंत्री येऊन निवेदन घेईल एवढीच लोकांची अपेक्षा होती. संध्याकाळ झाली तरी कुणी आलं नाही. गर्दी हलली, लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली, 114 माणसं गेली. आज झिरो माइलजवळ त्यांचं स्मारक आहे आणि बर्डीवरच्या (सीताबर्डी) उड्डाणपुलाला आदिवासी गोवारी शहिदांचं नाव आहे. शहरातले हजारो विद्यार्थी त्या पुलाच्या वरून नाहीतर खालून रोज जातात. त्या माणसांचा प्रश्न होता तरी काय? अनुसूचित जमातींच्या यादीतली एक नोंद: 'गोंड गोवारी'. गोवारी म्हणजेच ते, की ती वेगळी जमात? 14 ऑगस्ट 2018 ला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोवारींच्या बाजूने निकाल दिला. 18 डिसेंबर 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. दोन शब्दांच्या एका नोंदीवर एवढं सगळं. सामाजिक न्याय शिकवायला नागपूरच्या महाविद्यालयाला याहून चांगला धडा कुठे मिळेल, आणि किती संमेलनांच्या पत्रिकेत तो असतो?

दुसरी तारीख 2 डिसेंबर, राजस्थानातल्या पाली जिल्ह्यातलं कोट किराणा गाव. मजदूर किसान शक्ती संघटनेने तिथे पहिली जनसुनवाई घेतली. पद्धत साधी होती. सरकारी कामांची हजेरीपटं आणि बिलं गावासमोर मोठ्याने वाचायची. नाव वाचलं की त्या माणसाने उठून सांगायचं: मी या कामावर होतो, किंवा नव्हतो, इतके पैसे मिळाले, किंवा मिळालेच नाहीत. भाषण नाही, घोषणा नाही, फक्त कागद आणि त्या कागदावर नाव असलेला माणूस. या सुनवायांतूनच 'हमारा पैसा, हमारा हिसाब' ही मागणी उभी राहिली आणि 2005 चा माहितीचा अधिकार त्या वाटेने आला. नागपुरात लोक कागद घेऊन दारापर्यंत गेले आणि तो घ्यायला कुणी आलं नाही. कोट किराण्यात कागदच लोकांमध्ये आणून वाचला गेला. महाविद्यालयाच्या संमेलनाने या दुसऱ्या रीतीची नक्कल करावी, हट्टाने करावी.

कशी? शिष्यवृत्तीपासून सुरुवात करा, कारण नागपूर-विदर्भातल्या महाविद्यालयात तिच्याइतका न्यायाशी थेट जोडलेला दुसरा कागद नाही. महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती-पोर्टलवर संस्थेच्या लॉगिनला प्रत्येक अर्ज कुठे अडकलाय ते दिसतं. सभागृहात एवढंच वाचा: भारत सरकार शिष्यवृत्तीचे अर्ज किती आले, त्यातले लिपिकाच्या लॉगिनवर किती दिवसांपासून किती पडून आहेत, प्राचार्यांच्या लॉगिनवर किती, समाजकल्याण, आदिवासी विकास आणि इतर मागास बहुजन कल्याण या तीन खात्यांकडे किती, आणि त्रुटी दाखवून विद्यार्थ्याकडे परत किती. परत गेलेल्या अर्जांचा डबा उघडला की खरी शिकवणी सुरू होते. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपलेली. टीसीवरचं नाव आणि आधारवरचं नाव यांत एका वेलांटीचा फरक. अर्ज सायबर कॅफेत भरला आणि मोबाइल नंबर कॅफेवाल्याचा टाकला, त्यामुळे 'अर्ज परत पाठवला आहे' हा संदेश विद्यार्थ्यापर्यंत पोचलाच नाही. पैसे मंजूर झाले, पण ते आधारशी शेवटचं जोडलेल्या खात्यात जातात, आणि ते खातं निघालं गावाकडच्या बँकेतलं, दोन वर्षं व्यवहार नाही म्हणून निष्क्रिय झालेलं. यातल्या एकाही अडचणीला बीजभाषणाची गरज नाही. दोन टेबलं, एक इंटरनेटची लाइन आणि अधिकार असलेला एक लिपिक एवढ्यावर निम्म्या तिथेच सुटतात. मात्र त्यासाठी संमेलन डिसेंबर-जानेवारीत घेऊन चालणार नाही. अर्ज खुले असताना, ऑगस्ट-सप्टेंबरात घ्या. जयंती-पुण्यतिथीच्या तारखेचा मोह सोडावा लागेल, आणि हेच सर्वांत अवघड जाईल.

दुसरा कागद रॅम्पचा. तो टेपने मोजता येतो म्हणून मला विशेष आवडतो. उताराचं प्रमाण 1:12 असावं लागतं. म्हणजे जोतं 60 सेंटिमीटर उंच असेल तर रॅम्प किमान 7.2 मीटर लांब हवा. बऱ्याच ठिकाणी तो अडीच-तीन मीटरमध्ये उरकलेला असतो, वर चकचकीत टाइल्स, बाजूला कठडा नाही. चाकाची खुर्ची त्यावर एकट्याने चढत नाही आणि उतरताना आवरत नाही. तरी फोटोत तो रॅम्प दिसतो, आणि अहवालात 'होय' वर टिक बसते. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा उच्च शिक्षणात किमान 5 टक्के जागा राखायला सांगतो; जागा राखायच्या आणि वर्ग दुसऱ्या मजल्यावर भरवायचा, याला काय म्हणावं? दोन विद्यार्थी, एक मेजरिंग टेप, पाणसळ आणि अर्धा तास. आकडा वाचा आणि प्राचार्यांना विचारा, कोणत्या महिन्यात.

तिसरा कागद अंतर्गत तक्रार समितीचा, आणि इथे सांभाळून चालावं लागतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2015 च्या विनियमांनुसार प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तर समितीवर तीन विद्यार्थी प्रतिनिधी हवेत, तेही लोकशाही पद्धतीने निवडलेले. ही निवडणूक कधी झाली? सदस्यांची नावं आणि फोन भिंतीवर आहेत का, की फलक प्राचार्यांच्या केबिनच्या आत आहे? एवढंच विचारायचं. तक्रारी कुणी केल्या, कशाच्या केल्या, हे जाहीरपणे बोलायला कायदाच मनाई करतो. आणि 'वर्षभरात शून्य तक्रारी' हे उत्तर अभिमानाने आलं तर टाळ्या वाजवू नयेत. शून्याचा अर्थ बहुतेकदा दार सापडलं नाही असाच असतो.

आवाराबाहेरचा प्रश्न एकच घ्या, दहा नको. उदाहरणार्थ, महाविद्यालयासमोरचा बसथांबा. संध्याकाळच्या पाळीतल्या मुलींना 'आपली बस', म्हणजे महापालिकेची शहर बस, किती वेळाने मिळते? सलग पाच कामाच्या दिवशी, संध्याकाळी 5 ते 8, दर पंधरा मिनिटांनी थांब्यावर उभी असलेली माणसं मोजा आणि बस येण्याची खरी वेळ लिहा. हा साठ ओळींचा तक्ता महापालिकेच्या परिवहन विभागासमोर ठेवला की अधिकाऱ्याला 'बघतो' म्हणणं जड जातं. बोलवायचं कुणाला, हेही इथेच ठरतं. आमदारांना बोलावलं तर भाषण मिळतं. संबंधित विभागाच्या अधिकाऱ्याला किंवा महापालिकेच्या दहा झोनपैकी आपल्या झोनच्या सहायक आयुक्तांना बोलावलं तर निदान तारीख मिळायची शक्यता असते. मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि तीन वर्षांहून जास्त काळ शहर प्रशासकाच्या हाती होतं. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वस्त्यांत पाणी शिरलं, मोरभवन बसस्थानकातल्या बसा बुडाल्या, तेव्हा तक्रार घेऊन जायला प्रभागात एकही नगरसेवक नव्हता. त्या वेळी महाविद्यालयांनी धान्य-कपडे गोळा केले, ते चांगलंच केलं. पण नाल्याची रुंदी नकाशात किती आणि जागेवर किती, हा प्रश्न किती जणांनी विचारला?

मतदार नोंदणीचा स्टॉल तर प्रत्येक संमेलनात असतो, आणि तिथे एक चूक हमखास होते. गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूरहून आलेल्या, वसतिगृहात राहणाऱ्या मुलांकडून सरसकट नमुना 6, म्हणजे नव्या नोंदणीचा अर्ज, भरून घेतला जातो. गावाच्या यादीत नाव आधीच असेल तर स्थलांतरासाठी नमुना 8 लागतो. नाहीतर दोन ठिकाणी नोंद होते आणि तो गुन्हा ठरू शकतो. शिवाय आता पात्रतेच्या तारखा वर्षाला चार आहेत (1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर) आणि 17 पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्ज करता येतो. हे सांगणारा एक माणूस स्टॉलवर असेल तर 'मतदान करा' लिहिलेले टी-शर्ट नसले तरी चालतील.

आता शेवटचा आणि सर्वांत व्यवहारी आक्षेप: कोणतं व्यवस्थापन स्वतःच्याच मंचावर स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करील? मान्य, हौसेने कुणीच करणार नाही. पण अनुदानित महाविद्यालय माहितीच्या अधिकाराखाली येतंच, आणि वरचा प्रत्येक आकडा 10 रुपयांच्या अर्जावर 30 दिवसांत मागता येतो. राज्याच्या नियमानुसार अर्ज एका विषयावर आणि 150 शब्दांत बसवावा लागतो. ही अट अनेकांना जाचक वाटते, पण प्रश्न नेमका विचारायला शिकवणारा याहून स्वस्त वर्ग नाही. म्हणजे प्राचार्यांपुढचा पर्याय माहिती द्यायची की नाही हा नसून, ती आपल्या मंचावर, आपल्या खुलाशासह द्यायची की अर्जदाराच्या फोनवरून व्हायरल होऊ द्यायची, हा आहे. शहाणा प्राचार्य पहिला पर्याय निवडेल. त्यासाठी त्याला प्रश्न महिनाभर आधी लेखी द्यावेत. अचानक पकडण्यात मजा असते, पण उत्तर मिळत नाही. समोरचा माणूस बचावात जातो आणि सभागृह तमाशा बघायला सरसावतं. 'लिपिक लाच मागतो' असं नाव घेऊन ओरडलं की सगळा दिवस त्या एका माणसाभोवती फिरतो, आणि 40 दिवस पडून राहिलेले अर्ज तसेच राहतात. अर्ज किती दिवस पडून आहेत ते वाचा. माणूस आपोआप सापडतो.

एवढं करूनही हा प्रकार तिसऱ्या वर्षी ढेपाळतो, आणि त्याचं कारण विरोध नसतं. तयारी करणारी मुलं शेवटच्या वर्षाची असतात. मे महिन्यात ती जातात, आणि त्यांच्याबरोबर कोणता ठराव झाला, कुणी काय कबूल केलं, याची आठवणही जाते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या उत्साही कार्यक्रम अधिकाऱ्याची मुदत संपते, नवा येतो, त्याला शिबिराचं गाव बदलायचं असतं. म्हणून ठरावाची वही ग्रंथालयात राहिली पाहिजे, विभागाच्या कपाटात नाही. जो मागेल त्याला वाचायला मिळाली पाहिजे. गटात निम्मी मुलं पहिल्या वर्षाची घ्या. ठराव चारच करा, आणि प्रत्येकासमोर मुद्दा, कबूल करणाऱ्याचं पद आणि तारीख लिहा. पुढच्या वर्षी दीपप्रज्वलनाच्या जागी ती वही उघडा. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने उभं राहून वाचायचं: ठराव क्रमांक 2, रॅम्प, लांबी 2.8 मीटर, कबूल केलेली तारीख 31 मार्च, आज सकाळी मोजलेली लांबी 2.8 मीटर. आणि मग मंचाकडे बघून थांबायचं.